शनिवारचं तेल

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार

आज दुकानात मोटारसायकल आली. दुकान उघडून महिना झाला, आतापर्यंत नुसते स्टोव्ह, सायकली आणि एक शिवणाचं मशीन. लोक येतात, माझ्या डाव्या हाताकडे बघतात आणि ‘येतो नंतर’ म्हणून सटकतात. दोन बोटं कापसाच्या जिनमध्ये गेली म्हणजे अक्कलही तिथेच राहिली असं वाटत असावं. शहाद्याच्या जिनमध्ये चौदा वर्षं फिटर होतो. सरकी काढणाऱ्या एकेका रोलरची कुरकुर मला पाठ आहे. पण हे सांगायचं कोणाला?

आणि आज गुरांचे डॉक्टर करणसिंग गिरासे स्वतः गाडी ढकलत आले. घामाघूम झाले होते. म्हणाले, "भिला मिस्तरी तुम्हीच ना? ही तुमच्या हवाली." हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. देवा, या माणसाचं भलं कर.

गाडी लढाईतली आहे, मिलिटरीने लिलावात काढलेली. हिची पेट्रोलची टाकी वेगळी, तेलाची वेगळी. पंप टाकीतलं तेल इंजिनात नेतो आणि फिरवून परत टाकीत आणतो. करणाऱ्याने डोकं चालवून केलेली गोष्ट आहे. फक्त हिचं तेल टाकीत परत जात नाही, जमिनीवर जातं. तासभर उभी केली तर खाली ताटाएवढं डबकं झालं.

चहा पिताना डॉक्टरांनी खरं दुखणं सांगितलं. सातपुड्याच्या पलीकडे गुरांना बुळकांडी लागली आहे. तोंडाला लाळ, मग जुलाब, आठवड्यात जनावर खलास. एकाला झाली की गोठाच रिकामा. शिवरात्रीला तोरणमाळची यात्रा, म्हणजे खालून शेकडो बैलगाड्या वर चढणार. वरच्या गुरांना रोग शिवला असेल तर परतणारे बैल तो गावोगाव घेऊन येतील. म्हणून त्याआधी वरची सगळी गुरं टोचली पाहिजेत. लस धुळ्याहून बर्फाच्या थर्मासात येते आणि बर्फ दुपारपर्यंतच टिकतो. पायी किंवा बैलगाडीने जायचं तर वाटेतच पाणी.

"दोन मार्चला लस येणार," डॉक्टर म्हणाले. "महिना आहे तुमच्या हातात."

मी म्हणालो, "महिना कशाला? आठ दिवसांत कोरडी करून देतो."

बोलून गेलो खरा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीचे तेल अडवणारे ऑइल सील वाळून तडकलेत, वाळलेल्या भाकरीच्या कडा जशा. नवे मुंबईतही मिळतील की नाही कोण जाणे. मग आठवलं, जिनच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या असतात, जाड, घट्ट, मुरलेल्या. पण त्यासाठी जिनची पायरी चढायला हवी. अपघातानंतर तिकडे फिरकलो नव्हतो. फाटकाशी दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा मॅनेजर रतिलालशेठनीच आतून पाहिलं. काय हवं ते ऐकलं, कोठीत गेले आणि चकत्यांची अख्खी चळत आणून माझ्या पिशवीत घातली. त्यांचे डोळे भरले होते. मी उगाच वर्षभर या माणसावर रुसून होतो.

वाहरू मोचीने रापीने चकत्यांतून मापाचे सील कापले. कोमट तेलात रात्रभर भिजवले, सकाळी बसवले. दुपारभर इंजिन चालवलं. थेंब नाही! मी वाहरूला मिठीच मारली. तो म्हणाला, "सोड रे, रापी लागी जाई."

७ फेब्रुवारी, शनिवार

गाडी लोणखेड्याला पोचवली. डॉक्टर तिथे दगूबाईंच्या घरी एका खोलीत राहतात, गाडी ओसरीवर असते. दगूबाई म्हातारी, नवरा नाही, दोन बैलांवर शेती. दिवाळीच्या सुमारास त्यातला एक बैल पोट फुगून आडवा झाला होता, तेव्हा डॉक्टर याच गाडीवरून वेळेत पोचले आणि बैल उठला. तेव्हापासून म्हातारी डॉक्टरांना ताटावरून हलू देत नाही. मलाही बसवून वांग्याचं भरीत वाढलं.

मी टाकीत तेल ओतत होतो तर शेजारी येऊन उभी राहिली. "काय पेस रे ही?"

"तेल, आजी. दुसरं काय?"

"आनि तोंड कोठे शे इन्हं?"

मला हसू आलं. झाकण फिरवून दाखवलं, इथून पिते म्हणालो. तिने लक्ष देऊन पाहिलं, पुन्हा एकदा उघडायला लावलं. मग मारुतीला तेल वाहायचं म्हणून वाटी घेऊन निघाली. भोळी बाई.

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर परत! पायजम्याचा एक पाय काळा. ओसरीवर डबकं, रस्त्यावर थेंबांची रांग. माझं डोकं सणकलं. सील माझे, म्हणजे लाजही माझी.

सगळं उघडलं. सील जसेच्या तसे, टवटवीत. पण इंजिनाच्या पोटात लोटाभर तेल साठलेलं! तिथे एवढं नसतंच. मग पंपाकडे वळलो. तेलाच्या वाटेवर एक पोलादी छर्रा असतो, स्प्रिंगने दाबलेला. इंजिन थांबलं की त्याने वाट बंद करायची. तो नीट बसला नाही तर रात्रभरात टाकीतलं तेल पोटात झिरपतं. सकाळी टाकी रिकामी दिसते, डॉक्टर वरून आणखी ओततात, आणि मग ते जादा तेल जिथून फट मिळेल तिथून बाहेर पडतं. सील बिचारे काय करणार?

छर्ऱ्याला तपकिरी चिकट काहीतरी लागलं होतं, गोंदासारखं. जुन्या तेलाचा गाळ असणार. रॉकेलने धुतला, तांब्याच्या सळईने हलकेच ठोकून जागेवर बसवला. डॉक्टरांना बजावलं, मला विचारल्याशिवाय टाकीत थेंब घालायचा नाही. त्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली. एवढा शिकलेला माणूस माझं ऐकतो याचं मला बरं वाटतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस गाडी कोरडी. आज डॉक्टर मुद्दाम दुकानासमोरून भोंगा वाजवत गेले. समोरच्या हॉटेलातले तिघं उठून बघायला आले. त्यातल्या एकाने त्याच्या शेतावरच्या ऑइल इंजिनाबद्दल विचारलं. माझ्या हाताकडे न बघता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच. छर्रा पुन्हा चिकटलेला, पुन्हा तोच गोंद. हा येतो कुठून?

वर डॉक्टर थट्टा करतात. "मिस्तरी, हिच्या धुराला भज्यांचा वास येतो हो. रस्त्याने भूक लागते." मी म्हणालो, तुम्ही वेळेवर जेवत नाही म्हणून. घरी सांगितलं तर बायको, मंगला, पोट धरून हसली. म्हणे, डॉक्टरांना एकदा जेवायला बोलवा, वास आपोआप जाईल.

मी हसलो नाही. पंधरा दिवस उरलेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मंगळवारी पुन्हा छर्रा धुऊन दिला, तेव्हापासून गाडी ठीक आहे. तरी मन थाऱ्यावर नाही म्हणून लोणखेड्याच्या मारुतीला गेलो. माझ्या वडिलांनीही शनिवार कधी चुकवला नाही. तेल वाहिलं आणि म्हणालो, बाबा रे, छर्रा जागेवर ठेव, बाकीचं मी बघतो.

दगूबाई तिथेच भेटली. "गाडी कशी शे रे भाऊ?"

मी वैतागलेलो. म्हणालो, "काय सांगू आजी! कितीही तेल घाला, तिला पुरतच नाही."

तिचा चेहरा उतरला. "अरे देवा! भुकी ऱ्हाई जास का मंग ती?"

डॉक्टरांच्या साहेबांना नसेल एवढी या म्हातारीला गाडीची काळजी. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. वाटी सावरत ती लगबगीने घराकडे गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस वैऱ्यालाही नको. गाडी लोणखेड्याच्या बाहेरच बंद पडली. प्रत्येक जोडातून तेल, साखळीवर तेल, चाकावर तेल, आणि धूर असा की माणसं आग लागली म्हणून धावली. डॉक्टर आणि मी ढकलत आणली. हॉटेलातले तेच तिघं बघत होते. ऑइल इंजिनवाला आतच बसून राहिला.

डॉक्टर रागावले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही जिवाचं रान केलंत. नाही जमलं तर मी पायी निघेन. बर्फ पोचेल तेवढा पोचेल." म्हणजे पोचणारच नाही. ते त्यांनाही माहीत आहे, मलाही.

खरं लिहितो. आज पहिल्यांदा वाटलं, लोकांचंच बरोबर आहे. छर्रा बसला की नाही हे बोटांना कळावं लागतं आणि नेमकी ती बोटं माझ्याकडे नाहीत. घरी येऊन मंगलाला म्हणालो, दुकान बंद करतो. ती पीठ मळत होती. हात तसाच परातीत ठेवून म्हणाली, "बोटं गयात. तू ते शे ना!" आणि पुन्हा मळायला लागली.

या बाईला मी आजवर एकदाही धड काही बोललो नाही. इथे तरी लिहून ठेवतो, तिचे उपकार आहेत माझ्यावर.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळवारी गाडी पुन्हा धुऊन दिली. तीन दिवस कोरडी. पण आता माझा विश्वास नाही.

आज ही वही पहिल्यापासून वाचली. नऊ तारीख, सोमवार. सोळा, सोमवार. तेवीस, सोमवार. दर शुक्रवारी गाडी ठणठणीत आणि दर सोमवारी आजारी! यंत्राला वार कळत नाहीत. जिनमधलं एकही यंत्र मी वार बघून बिघडताना पाहिलं नाही. म्हणजे शनिवार-रविवारी कोणीतरी काहीतरी करतंय. डॉक्टर शपथेवर सांगतात की झाकणाला हात लावला नाही. मग खोडसाळपणा? डॉक्टरांचा कोणी वैरी?

उद्या दुपारपासून लोणखेड्यात ठाण मांडून बसतो. सापडू दे, हात मोडून ठेवतो त्याचा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सापडला. सापडली.

दिवस मावळायच्या बेताला दगूबाई मारुतीकडून परत आली. मी खोलीत दाराआड. तिने ओसरीवर येऊन गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं. झाकण फिरवलं, मीच शिकवलेलं! आणि वाटीतलं शेंगदाण्याचं गोडं तेल पळीपळीने टाकीत घातलं. एक, दोन, तीन, चार पळ्या. मग बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं टाकीवर थोपटलं.

मी बाहेर येऊन जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईच्या वयाची बाई. भज्यांचं तेल इंजिनात! तापून त्याचा गोंद होतो, तो छर्ऱ्याला बसतो, आणि मी महिनाभर माझ्या हाताला शिव्या देतोय!

ती घाबरली नाही. तिला कळेचना. "मन्हा बैल मरी ऱ्हायंता," ती म्हणाली. "ह्याच गाडीवर डॉक्टर उना. मारुतीले देस तसं इलेबी देस. तूच सांगं ना, पुरत नही म्हनीसन? मागला शनवारपाईन दोन पळ्या जास्त टाकस. काय पाप कयं मी?"

तोंड मी दाखवलं, भूक मी सांगितली. डॉक्टर दारात उभे होते. हसतील असं वाटलं, पण ते खाली बसले आणि दगूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. नोकरीला लागल्यापासून तीन ठिकाणी राहिले, असं कोणी केलं नव्हतं, म्हणाले.

मी तसाच गाडी ढकलत निघालो. माफी मागायला जीभच वळली नाही.

१ मार्च, रविवार

उजाडल्यापासून कामाला. नुसता छर्रा धुऊन भागणार नव्हतं, गोंद नळ्यानळ्यांत बसलेला. टाकी उतरवली, पंप सुटा केला, सगळं रॉकेलमध्ये भिजत घातलं. डॉक्टर बाह्या सरसावून नळ्या फुंकत होते. वाहरूने सील पुन्हा कापून दिले. मंगला चुलीवरून गरम पाण्याच्या घागरी आणत होती.

दहाच्या सुमाराला दगूबाई आली. लोणखेड्याहून चालत. हातात जुनी लुगडी, पुसायला. माझ्याकडे न बघता एका कोपऱ्यात बसली आणि एकेक नट पुसून ताटात ठेवायला लागली. घरची चांदीची भांडी पुसावीत तसे. मला राहवलं नाही. जाऊन म्हणालो, "आजी, काल मी जनावरासारखा बोललो. माफ करा."

ती म्हणाली, "त्ये जाऊ दे. पन मंग मी काय देऊ तिले?"

याचं उत्तर कोणत्या फिटरकडे असतं? मी विचार केला. मग इंजिनाच्या तेलाचा एक नवा डबा तिच्यासमोर ठेवला. म्हणालो, शनिवारी यातलं घालायचं, एक पळी, आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. आठवडाभर चालली की तेवढं तेल तिला लागतंच. तिने डबा मांडीवर घेतला. मग विचारलं, मारुतीलाही हेच चालेल का? डॉक्टर घाईघाईने म्हणाले, नाही, नाही, त्याचं गोडंच राहू दे!

दिवसभर सगळे हसत होते. संध्याकाळी गाडी जोडली. पहिल्या लाथेत सुरू. धुराला कसलाही वास नाही.

२ मार्च, सोमवार

एस.टी.तून थर्मास उतरला. मी मागे बसलो, थर्मास मांडीत, हत्यारांची पिशवी गळ्यात. घाटाच्या पायथ्याच्या राणीपूरपर्यंत मी एकसारखा खाली वाकून इंजिन बघत होतो, शेवटी डॉक्टर ओरडले, पडाल!

घाट म्हणजे लाकडाच्या ट्रकांनी केलेली वाट. पहिला गिअर, दगड, चढ, पुन्हा दगड. इंजिन इतकं तापलं की पायाला चटके बसत होते. एका वळणावर थांबून पाहिलं. खालच्या सीलवर एक थेंब लटकलेला. पुसला. दोघंही श्वास रोखून बघत बसलो. पुन्हा आला नाही. चला!

साडेबाराला वर. चैत्या नावाच्या पावरा आदिवासी माणसाने आसपासच्या पाड्यांवरची गुरं काठ्यांच्या कुंपणात आणून ठेवली होती. तीन दिवस फिरत होता म्हणे. बर्फ मूठभर उरलेला. डॉक्टर टोचायचे, मी आणि चैत्या शिंगं धरायचो. डाव्या हाताने शिंग धरता येतं, हे मला आज कळलं. कोणी थांबलं नाही, कोणी पाणी प्यायलं नाही.

तीनच्या पुढे बर्फाचं पाणी झालं. डॉक्टरांनी उरलेली लस ओतून दिली, कोमट लस टोचून उपयोग नसतो. फक्त सात गुरं राहिली होती. चैत्याचीच. सगळ्यांची पुढे काढून त्याने स्वतःची मागे ठेवली होती.

तो कोमट पाणी मातीत जिरताना बघत राहिला. मग डॉक्टरांकडे. दुसरा थर्मास उद्याच्या एस.टी.ने येणार होता, पण पुन्हा हा घाट? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "येईल. उद्या बारापर्यंत येईल."

यावेळी बोलून गेलो नव्हतो.

३ मार्च, मंगळवार

गेली. आली. चैत्याची सातही टोचून झाली आणि पलीकडच्या पाड्याचीही. त्याने आम्हाला मोहाच्या पानांत बांधून मध दिला, तो मंगला आत्ता चाटते आहे. गाडीखाली कागद घालून ठेवला होता. कोरडा.

देवा, तुझे, डॉक्टरांचे, रतिलालशेठचे, वाहरूचे, म्हातारीचे उपकार. कोणाकोणाचं नाव घेऊ?

१७ मार्च, मंगळवार

यात्रा होऊन दहा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले होते, रोग खाली आला असेल तर एवढ्यात दिसेल. आज शहाद्याचा बाजार, यात्रेला गेलेल्या गावांच्या गाड्या इथूनच जाणार. म्हणून सकाळीच येऊन ते माझ्या बाकड्यावर बसले. मीही हातातलं काम ठेवून शेजारी बसलो.

गाड्या येत होत्या. आम्ही बैलांची तोंडं बघत होतो. लाळ आहे का? डोळे गळतात का? नाकपुडी कोरडी पडली आहे का? मान खाली आहे का? एक जोडी गेली, दुसरी गेली. चारा चघळत, शेपट्या उडवत, शिंगांना यात्रेचा गुलाल अजून लागलेला. डॉक्टर एकेका जोडीला ‘ठीक’ म्हणत होते, मग तेही थांबवलं. नुसते बघत होते. ऊन वर आलं तरी दोघंही उठलो नाही. रस्त्यावरच्या एकाही माणसाला माहीत नव्हतं आम्ही काय बघतोय, आणि ते माहीत नव्हतं हेच किती चांगलं होतं.

एका पांढऱ्या खोंडाकडे आम्ही जरा जास्तच टक लावली असावी. गाडीवानाने कासरा ओढला. आम्ही दलाल आहोत असं वाटून तो खेकसला, "काय देखी ऱ्हायनात? इकाना नही शे बैल!"

डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला. ते हसत होते की रडत होते मला कळलं नाही, माझंही मला कळत नव्हतं.

मी उठून त्या खोंडाच्या ओल्या, गार नाकपुडीवर हात ठेवला. म्हणालो, "नको इकू रे भाऊ. घर लई जाय त्याले."